माम्या संपल्या तेव्हा

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात मी हर्षलला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आमच्या शिबिराच्या फलकाला म्हैस बांधत होता.

"इथं गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आहे. कॅन्सरची."

"म्हशीच्या?"

"बायकांच्या. तिशीच्या पुढच्या. पण एकही येत नाही."

तो कानापर्यंत लाजला... म्हैस नाही लाजली.

पुढच्या बाजारी तो मोटारसायकलवर एक मामी घेऊन हजर. मग दुसरी, मग चुलत...

"किती माम्या आहेत तुम्हाला?"

"तुमी किती दिवस हाय इथं?"

मी हातमोजा उलटा घातला.

मग एकदा निकिता आली. नाकात मोरणी, आणि त्याच्या खांद्यावर हात — खड्डा नसतानाही.

"ही पण मामी?"

"न्हाई... ही निकिता."

नुसतीच निकिता! मी तिला इतक्या गोड आवाजात आत बोलावलं की मलाच भीती वाटली. औषध लावलं. बिघाड असेल तिथे ते पांढरा डाग दाखवतं; आता मिनिटभर थांबायचं असतं.

"हर्षल तुमचे कोण?" हा प्रश्न तपासणीत येत नाही. मी विचारला.

"लग्नाआधी त्यांचं स्थळ आलं हुतं मला. मीच न्हाई म्हनले. आता माम्या संपल्या, म्हनून मला आनलं."

म्हणजे माम्यांनंतर हिचाच नंबर! मी जळत होते... आणि पांढरा डाग उमटला.

मी तिचं वाईट चिंतलं होतं, पण केस गळावेत, एवढंच. हे नव्हे.

"कॅन्सर नाही," मी तिचा हात धरला. "पण सोडून दिलं तर पुढे होऊ शकतो. आज नेवाशाला डॉक्टर आहेत. बघतील, लागलं तर डाग शेकून काढतील."

"एकटी न्हाई जानार. तुमी चला, सिस्टर."

बाहेर हर्षल. "काय झालं?"

"तिचं ती सांगेल."

"माझ्यावर चिडलात?"

"नाही," मी चिडून म्हटलं.

शिबिर उरकलं. गाडी एकच, हर्षलची. निकिता त्याच्या मागे बसणार, तेवढ्यात मी मध्ये घुसले.

"पेशंटला शेवटी बसवायचं असतं."

"असा नियम हाय?"

"आजपासून."

वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो. मागून निकिता ओरडली, "हर्षल, मला डाग निघालाय! दाखवायला चाललोय! — माझं मी सांगितलं, सिस्टर. आता तुमचं तुमी सांगा."

मी त्याच्या कानाशी वाकले... आणि सांगितलं.

करकचून ब्रेक.

"परत सांगा," तो म्हणाला. "उद्याच आईला तुमच्या घरी पाठवतो."

"लग्न मागून करा!" निकिताने माझ्या पाठीवरून त्याला धपाटा घातला. "आधी मला नेवाशाला पोचवा!"