दोन्ही लाकडं एकसारखी

मावशींनी पुढे केलेल्या खुर्चीचा सांधा मिस्त्रींनी आधी हलवून पाहिला आणि मग उभंच राहणं पसंत केलं.

"बाई, मला चोर ठरवलंय," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लाकूडकाम करतोय. आज पाच वाजता संग्रहालयाचे साहेब पोलिसांत जाणार आहेत."

मावशींचा धंदा खाजगी तपासाचा. भाच्याचा धंदा मावशींची गाडी चालवण्याचा आणि चुकीच्या माणसावर संशय घेण्याचा. दोन्ही तो मनापासून करी.

हकिगत सरळ होती. संग्रहालयातल्या दीडशे वर्षांच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, किडीने पोखरला होता. मिस्त्रींनी अक्रोडाचा नवा दस्ता घडवून बसवला आणि सोमवारी रायफल रखवालदाराच्या हवाली केली. गुरुवारी साहेब दौऱ्यावरून परतले आणि किंचाळले. नळीखालचं लाकूडही बदललं होतं! काळपट, नंबर कोरलेलं अस्सल लाकूड गायब, आणि त्याच्या जागी गोरंगोमटं नवं.

"यानेच लांबवलं, मावशी," गाडीत भाचा कुजबुजला.

"मी मागेच बसलोय," मिस्त्री म्हणाले.

संग्रहालयात साहेब घड्याळ बघत उभे होते. "मी सांगितलं होतं दस्ता करा. यांनी अख्खी रायफलच नवी केली!"

"मधल्या दिवसांत इथे कोण आलं होतं?" मावशींनी विचारलं.

"चिटपाखरू नाही," रखवालदार म्हणाला. निवृत्तीला वर्ष उरलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ. "किल्ली माझ्याकडे. रायफल छान दिसतेय ना, बाई?"

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो काच पुसायला लागला.

मावशींनी दस्त्यावर नख फिरवलं. लाकूड आणि लोखंड भेटतात तिथे ते लाकडाच्या काठाला अडलं. पुढच्या, नळीखालच्या लाकडापाशी मात्र ते लोखंडाच्या काठाला अडलं. मग त्यांनी मिस्त्रींना दोन्हीकडच्या खिळी काढायला लावल्या. दस्त्यातलं भोक गोल होतं. पुढच्या लाकडातलं किंचित लांबट.

"भोकसुद्धा नीट पाडता आलेलं नाही," भाचा म्हणाला.

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. मावशी भिंतीकडे बघत होत्या. तिथे साहेबांनी दौऱ्यावर जाताना टपोऱ्या अक्षरात लिहिलेली, रखवालदारासाठीची यादी होती. 'काच पुसून घे. पाट्या लावून घे. रायफलीची दोन्ही लाकडं एकसारखी करून घे.'

"पोलिसांना त्रास नको," मावशी म्हणाल्या. "चोरी झालेलीच नाही. हे लाकूड जुनंच आहे."

"काहीतरीच!"

"लाकूड वर्षानुवर्षं आक्रसतं, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून गोल भोक लांबट होतं. ते पाडायला दीडशे वर्षं लागतात, साहेब. मिस्त्रींकडे तीनच आठवडे होते."

"मग रंग? नंबर?"

"घासून गेले. चांगला कारागीर लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर ठेवतो. दस्ता तसा आहे. पुढचं लाकूड लोखंडाच्या खाली गेलंय. म्हणजे ते घासणारा कारागीर नव्हता. सांगितलेलं काम निमूट करणारा माणूस होता. किल्ली एकाकडेच. यादीही त्याच्याच नावाची."

रखवालदाराच्या हातातलं फडकं थांबलं. "मीच घासलं. नवा दस्ता कसा उजळ होता! म्हटलं, जुनंही तसंच करू."

"अरे, करून घे म्हणजे मिस्त्रींकडून, नवं जुन्यासारखं!" साहेब ओरडले.

"काच मी पुसून घेतली, पाट्या मी लावून घेतल्या. हे तेवढं दुसऱ्याकडून, असं कुठे लिहिलंय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही चोरीचं विचारत होतात. हे तर काम होतं."

भाच्याने यादी पुन्हा वाचली. व्याकरणाची इतकी धास्ती त्याला शाळेतही वाटली नव्हती.

"पॉलिश पेपर कुठला वापरलास?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"जाडा. लवकर होतं."

मिस्त्रींनी क्षणभर डोळे मिटले.

"नंबर तुमच्या जुन्या फोटोत असेलच, आणि काळपटपणा काय, येईल शंभरेक वर्षांत," मावशी म्हणाल्या. "लाकूड जागेवर आहे, हे काय कमी?"

"गैरसमज झाला," साहेब पुटपुटले. जणू तो आपला आपणच झाला होता. "पोलिसांत अर्थात जाणार नाही. मिस्त्री, माफ करा."

मिस्त्रींनी मान हलवली आणि घरी फोन लावला. "अगं, मिटलं. चोर नाहीये मी."

"ते मला माहीतच होतं," पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "येताना साबण आणा."

मिस्त्रींनी बाहीने डोळे पुसले.

"कुठला आणू?" त्यांनी विचारलं.