सशाचे मोजे आणि गाडीची चावी

गणपती उठून आठवडा झाला तरी पाऊस उठायचं नाव घेईना. अशा दिवसांत पुण्याजवळच्या सूसच्या सोसायट्यांमधली पोरं घरात डांबून ठेवणं आईबापांच्या हातात राहत नाही, आणि मग ती सगळी फौज ‘किलबिल’मध्ये येऊन थडकते. घसरगुंडी, उड्या मारायची जाळी, रंगीत चेंडूंचं तळं, भातुकलीचं लाकडी स्वयंपाकघर... आणि या सगळ्याच्या दारात उभी करिष्मा.

करिष्माचे नियम दोन. मोजे घातल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, आणि बँड जुळल्याशिवाय कुणाला बाहेर सोडायचं नाही. आत येताना मुलाच्या आणि त्याच्या मोठ्या माणसाच्या मनगटाला एकाच रंगाचा कागदी बँड. जाताना दोन्ही रंग जुळले, तरच मूल हाती द्यायचं. मग समोर सख्खे आजोबा का असेनात! तिचं घर पौडच्या पुढे डोंगराला, वडील जालिंदर शेरडं-मेंढरं राखणारे. राखण करणं पोरीच्या अंगातच होतं म्हणा ना.

त्या दुपारी तो आला तो नखशिखांत भिजून. केसांतून पाणी गळतंय, हातात मोजायची टेप, आणि चेहऱ्यावर ‘मला जरा घाईये’ असा भाव.

“मोजे?” तिनं विचारलं.

“आहेत ना.” त्यानं बुटातून पाय काढून दाखवला. मोज्यातून धार लागली होती.

“ओले चालत नाहीत.”

“अहो, मी खेळायला नाही आलो. काम आहे आत—”

“काम असलं तरी पाय तेच ना?”

मोठ्या मापाचे मोजे संपले होते. उरली होती एकच जोडी — गुलाबी, घोट्याला सशाचे दोन कान. तिनं ती गंभीर चेहऱ्यानं पुढे केली. “ताणतात,” ती म्हणाली.

त्यानं मोज्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि निमूटपणे ते चढवले. सहा फुटी माणूस सशाचे कान हलवत आत गेला, तेव्हा मात्र करिष्माला हसू आवरेना. पाठमोऱ्या त्यालाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्याची चाल एकदम ऐटदार झाली.

वायरमन असेल, असं तिला वाटलं. थंडीनं कुडकुडतोय म्हणून ती त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. “कसलं माप घेताय?”

“बिअरच्या काउंटरचं,” तो सहज म्हणाला. “इथं तीन नळ बसतील. मी निषाद. बाणेरला हॉटेलांची अशीच कामं करतो.”

चहाचा कप तिच्याच हातात राहिला.

किलबिलच्या मालकीण ज्ञानदा मॅडम. बाई वाईट नव्हत्या, पण जागेचं भाडं वाढलं होतं आणि बसून कंटाळलेले आईबाप कॉफीवर खूश नव्हते. करिष्मानं त्यांना त्याच संध्याकाळी तोंडावर सांगितलं, “ज्या दिवशी हितं बिअर सुरू होईल, त्या दिवसापासून मी न्हाई.” मॅडमचा चेहरा उतरला. करिष्मा म्हणजे त्यांचा उजवा हात. शेवटी ठरलं ते असं — एका रविवारचा परवाना काढायचा, नेहमीच्या पालकांना बोलवायचं, आणि काय होतं ते बघून निर्णय घ्यायचा. तोवर तिनं थांबायचं.

म्हणजे निषादचं काम जमलं की तिची पोरं तिला दुरावणार होती. तिच्या हातून चेंडूंच्या तळ्यात पहिली उडी मारलेली, तिला ‘कलिस्मा’ म्हणणारी पोरं. तरीही तो रोज दारात आला, की तिची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची... आणि रोज त्याच्या पायांत ससेच असायचे!

“तुमचा राग नक्की कुणावर आहे?” एकदा त्यानं विचारलं. “बिअरवर, की माझ्यावर?”

“तुम्ही दोघं बरोबरच आलात.”

“बरं, मला सांगा. आईबाप आठवडाभर राबतात. रविवारी पोरं खेळतायत, तेवढ्यात एक ग्लास घेऊन बसले निवांत, तर कुणाचं काय बिघडलं? घरी नाही का घेत मुलांसमोर?”

हे खरं होतं. आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “घरचं ते बघतील. हितं दारात मी असते. बाप डुलत आला आणि बँड जुळला, तर मी पोर द्यायचं का न्हाई? तेवढं सांगा.”

“एका ग्लासात कोण डुलतं?”

“आणि एकावर कोण थांबतं?”

तो हसला. “चिडलात की तुमची भाषा डोंगर चढते.”

“आणि हसलात की तुमची टेप सुटते. मघापासनं नुसतीच लोंबतीये.”

त्यानं दचकून हाताकडे पाहिलं. खरंच लोंबत होती.

“तुमच्या घरी कुणीच घेत नाही?” टेप गुंडाळत त्यानं हळूच विचारलं.

“घेतो की. बाबा जत्रंला घेतो, लई आवडीनं. पण त्या दिवशी मेंढरं कोंडाजीकाकाकडं. ज्याच्या हातात काठी, त्याच्या हातात ग्लास न्हाई. आमच्या घरात असं हाय.”

“मग झालं तर! इथं काठी तुमच्या हातात. आईबापांना सुट्टी.”

“दारापर्यंत माझ्या हातात,” ती म्हणाली. “दाराबाहेर?”

त्यानं टेप खिशात टाकली. “याचं उत्तर... उद्या देतो,” तो म्हणाला. उद्याचं निमित्त दोघांनाही हवंच होतं, हे का सांगायला पाहिजे?

रविवार उजाडला. नळ चकचकीत, ग्लास थंडगार, पालक नटूनथटून. करिष्मा सकाळपासून धास्तावलेली — आता कुणीतरी भांडेल, कुणीतरी पडेल, आवाज चढतील. पण छे! सगळे हसत होते. कुणी कुणाला धक्कासुद्धा मारला नाही. ज्ञानदा मॅडमचा चेहरा फुलत गेला, आणि करिष्माचा पडत गेला. मनातल्या मनात ती एकेका पोराचा निरोप घेऊ लागली.

निघायची वेळ झाली तेव्हा एकनाथ नावाच्या एका पालकांची गाडीची चावी सापडेना. भला माणूस, दोन ग्लासच घेतलेले, बोलणंही नीट. टेबलं हलवली, चेंडूंचं तळं उपसलं. निषाद सशांच्या मोज्यांत गुडघ्यांवर रांगत भातुकलीच्या स्वयंपाकघरात शिरला. खेळण्यातल्या ओव्हनचं दार उघडलं, तर आत चावी! आणि ओव्हनसमोर एकनाथांची पाच वर्षांची चिऊ, दोन्ही हात पसरून उभी.

“नको देऊ,” ती म्हणाली. “मी लपवलीये.”

“का गं?”

“बाबा ते प्यायला की आई चावी लपवते. आज आई गावाला गेलीये ना... मग मी लपवली.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती नव्हती. घरातलं एखादं काम आपल्या अंगावर आलं आणि आपण ते नीट पार पाडलं, एवढंच. मागे उभ्या असलेल्या एकनाथांनी मान खाली घातली. मग त्यांनी लेकीला उचलून घेतलं, चावी करिष्माच्या हातात दिली आणि म्हणाले, “रिक्षा मिळेल का बघतो.”

दारात करिष्मानं दोघांचे बँड पाहिले. पिवळा आणि पिवळा. तिनं चिऊचा गाल कुरवाळला आणि त्यांना जाऊ दिलं. डोळे पुसायला वळली, तर निषाद समोर. त्यानं खिशातून आपल्या बाईकची चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“चव बघायला अर्धा ग्लास घेतला होता मी,” तो म्हणाला. “दाराबाहेरचं उत्तर माझ्याकडे नाही, करिष्मा.”

आणि तो भर पावसात चालत निघून गेला. त्यानं पहिल्यांदाच तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. तिनं ती चावी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

सोमवारी दुपारी किलबिल रिकामं असतं. करिष्मा उगाचच मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. मॅडमनी अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि आपणच आता सामान आवरावं, असं तिच्या मनात येत होतं. तेवढ्यात दार वाजलं.

“मॅडमशी बोललो,” निषाद दारातूनच म्हणाला. “चिऊचं त्यांनीही ऐकलं होतं. बिअर रद्द, नळ राहतील. एकातून कोकम सोडा, दुसऱ्यातून ताक, तिसऱ्याचं काय ते तू ठरव. शेजारी गरम कांदाभजी. दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्यात. चालेल की नाही, माहीत नाही... पण चालवून बघू.”

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि तेवढ्यात दुसरंच चढलं. “म्हणजे तुमचं काम संपलं.”

“संपलं. म्हणून चावी न्यायला आलोय.” तो थांबला. “नाही, खोटं बोलतोय. दुसरी चावी घरी होती, सकाळीच बाईक नेली. आत्ताही तिच्यावरच आलोय, बघ. मी... तुझ्यासाठी आलोय. पहिल्या दिवसानंतर रोज तुझ्यासाठीच येत होतो. कोरडे मोजे तर रोज बॅगेत असायचे.”

“मला दिसायचे,” करिष्मा म्हणाली.

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“ससे बरे दिसत होते.” तिचे कान तापले होते. तिनं काउंटरवरचा हिरवा बँड उचलला. “हात पुढं कर.”

तिनं त्याच्या मनगटाला बँड बांधला. मग तसाच दुसरा, हिरवाच, आपल्या मनगटाला. त्यानं आपला हात तिच्या हाताशेजारी धरून पाहिला.

“जुळला,” तो हलकेच म्हणाला. “आता सोडणार मला बाहेर?”

“ज्याच्याशी जुळला, त्याच्याबरोबरच जायचं असतं. माझी सुट्टी सहाला हाय. मग पौडच्या पुढं सोड मला.”

“घरापर्यंत?”

“व्हय. पण बाबा अंगणात असतो, आणि त्याच्या हातात काठी असते.”

“असू दे,” निषाद म्हणाला. त्यानं बूट काढले, बॅगेतून सशांचे मोजे काढून पायात चढवले, आणि भातुकलीतल्या इवल्याशा खुर्चीवर सहा वाजायची वाट बघत बसला.