पावणेचौदाव्या सेकंदाला

रेवती गावंडे आणि तिची आई एकाच वेळी एकाच खोलीकडे बघत होत्या. खोलीत एक पहारेकरी होता. रेवती म्हणत होती, त्याचं तोंड आईकडे आहे. आई म्हणत होती, त्याची पाठ आहे. आणि गंमत म्हणजे दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

खोली खरी नव्हती. ती 'चोरपावलं' नावाच्या खेळातली होती. दोन आइस्क्रीमच्या किमतीत मिळणारा हा अगदी साधा खेळ होता, दोघा भावंडांनी घरीच बसून तयार केलेला. देवळांतून चोरीला गेलेल्या मूर्ती बड्या चोरांच्या बंगल्यांमधून गुपचूप परत पळवून आणायच्या, एवढंच. त्यात मारामारी नव्हती आणि एकट्याला तो खेळताच येत नसे. एकानं लांब उभं राहून खटका ओढायचा, म्हणजे जाळीचं दार उघडतं. दुसऱ्यानं त्याच क्षणी सावलीतून निघून दारापलीकडे जायचं. पहारेकऱ्याला दिसलात की घंटा वाजते आणि सगळं पहिल्यापासून. खेळात टप्पे चारच होते. रेवतीच्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, "चारच? मग संपल्यावर काय करता?" रेवती आणि आई तो संपल्यावर पुन्हा सुरू करायच्या.

हे सगळं आई घरी होती तेव्हा, चिखलदऱ्यात, एकाच पलंगावर बसून. आता तीन महिने झाले होते आई चंद्रावर जाऊन. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर बर्फ वितळवून पाणी करणारी यंत्रं आहेत, त्यांच्या देखभालीचं काम तिच्याकडे होतं. अजून आठ महिने ती तिथंच राहणार होती. दर रविवारी दुपारी तिला घरच्यांसाठी अर्धा तास मिळे, आणि त्या अर्ध्या तासात दोघी 'चोरपावलं' खेळत. पहिले तीन टप्पे रखडत का होईना, पार पडायचे. चौथ्यात मात्र घंटा वाजायचीच.

त्या रविवारी ती सातव्यांदा वाजली.

"आई, अगं तो तोंड फिरवेपर्यंत तू थांबतेसच कशाला?" रेवती वैतागून म्हणाली. "पाठ असते तेव्हा ढिम्म हलत नाहीस आणि त्यानं वळून बघितलं की बाहेर येतेस!"

आई थोड्या वेळानं म्हणाली, "नाही गं रेवू, पाठच होती त्याची. मी बघूनच निघाले."

"मी पण बघत होते ना!"

पुन्हा ती शांतता. आईशी बोलताना हल्ली प्रत्येक वाक्यानंतर अशी शांतता यायची, आणि ती आली की रेवतीला वाटायचं, आईचं लक्षच नाही. ती एकदम बोलून गेली, "तुला माझ्याशी खेळायचंच नाहीये ना? कंटाळा आलाय ना तुला?"

स्क्रीनवर आई गालातल्या गालात हसत होती. काहीच बोलत नव्हती. नुसती हसत होती! रेवतीनं खाडकन संपर्क बंद केला.

पुढच्या रविवारी ती स्क्रीनसमोर बसलीच नाही. "पोट दुखतंय," असं बाबांना सांगून अंगणात जाऊन बसली. बाबा आत आईशी बोलले. रेवतीला त्यांचा आवाज ऐकू येत होता, शब्द ऐकू येत नव्हते.

सोमवारी मालूआत्या आली. मालूआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पठारावरच्या चंद्रसंपर्क केंद्रात ती शास्त्रज्ञ होती. तिथल्या भल्यामोठ्या तबकडीतूनच चंद्रावरचे निरोप ये-जा करत. तिनं पोटदुखीची चौकशी केली नाही. "काय झालं ते सांग," म्हणाली. रेवतीनं सांगितलं, अगदी पहारेकऱ्याच्या तोंडापाठीसकट.

"चंद्रावरून निरोप यायला किती वेळ लागतो?" आत्यानं विचारलं.

"सुमारे एक पूर्णांक तीन सेकंद," रेवती म्हणाली. "चंद्र सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर लांब आहे आणि प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. रेडिओलहरींचा वेगही तेवढाच. सहामाहीला आला होता हा प्रश्न. पूर्ण गुण मिळाले मला."

"गुण मिळाले, पण कळलेलं नाही," आत्या म्हणाली. "उद्या शाळा सुटली की दरीवर जाऊ. येताना स्टीलचं ताट आणि लाटणं आण."

दुसऱ्या दिवशी आत्यानं रेवतीला दरीच्या काठावर उभं केलं. बाबाही सोबत होते. स्वतः बाबांच्या गाडीतून वळसा घालून पलीकडच्या काठावर गेली. ती जागा तिनं नकाशावर मोजून निवडली होती: सरळ रेषेत चारशे चाळीस मीटर. हवेत आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे या काठावरचा ठोका त्या काठावर ऐकू जायला एक पूर्णांक तीन सेकंद लागणार, चंद्रावरून निरोप यायला लागतात तेवढेच.

काम सोपं होतं. दोघींनी दरीकडे पाठ करून ताटं वाजवायची आणि नुसतं ऐकून ठोक्याला ठोका जुळवायचा.

रेवतीनं सुरुवात केली. ठण्. ठण्. पलीकडून आत्याचा ठोका आला, पण उशिरा. आत्या मागे पडतेय असं वाटून रेवतीनं आपली गती कमी केली. आत्याचा ठोका आणखी उशिरा आला. रेवती आणखी थांबली. होता होता दोन ठोक्यांमध्ये एवढं अंतर पडलं की दोघीही लाटणं उचलून नुसत्या वाट बघत राहिल्या. मग कुणाचाच ठोका आला नाही.

आत्या परत आली तेव्हा रेवती म्हणाली, "तू सारखी उशीर करत होतीस."

"मी तर कधीपासून तुझ्यासाठी थांबतेय," आत्या म्हणाली. "मला वाटलं, पोरगी पेंगतेय की काय!"

रेवतीनं हातातल्या लाटण्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोघींनाही असंच वाटलं."

"आणि दोघींचंही खरं होतं. तुला ऐकू आला तो माझा आधीचा ठोका. मला ऐकू आला तो तुझा आधीचा ठोका. याला विलंब म्हणतात (निरोप निघाल्यापासून पोहोचेपर्यंत जाणारा वेळ). आता तुमच्या खेळाकडे ये. कुणी पकडलं गेलं की नाही, हे ठरवणारा पंच कुठं असतो?"

"आमच्या कॉम्प्युटरमध्ये. खेळ मी सुरू करते ना."

"म्हणजे पहारेकरी खरा वळतो तो तुमच्या घरी. तुझ्या आईला ते कधी दिसतं?"

"एक पूर्णांक तीन सेकंदांनी." रेवती बोटानं मातीत रेघा ओढू लागली. "तिला पाठ दिसते. ती लगेच बटण दाबते. ते बटण दाबल्याचा निरोप आमच्याकडे यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे सगळे मिळून दोन पूर्णांक सहा. आणि पहारेकरी पाठ करतो ती फक्त तीन सेकंद! दारापलीकडे जायला अर्धा सेकंदही उरत नाही!" तिनं वर बघितलं. "आई बरोबर वेळेवर निघत होती. पण माझ्याकडे ती पोहोचेपर्यंत तो पुन्हा वळलेला असायचा."

आत्यानं मान डोलावली.

रेवतीचा चेहरा मात्र उतरला. तिला दुसरंच काही आठवलं होतं. "आत्या, मी तिला विचारलं, कंटाळा आलाय का, तेव्हा ती हसत होती."

"तुझा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता तेव्हा. आधीच्या कुठल्यातरी गोष्टीवर हसत असेल. तिनं ऐकलं, उत्तर दिलं, ते उत्तर निघालं. तू किती वेळ थांबलीस?"

रेवतीनं बोटांवर मोजून बघितलं. "दोन सेकंद," ती म्हणाली. "दोन पण नसतील."

आत्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

मग रेवतीनंच विचारलं, "हा विलंब कमी नाही का करता येत? आणखी मोठी तबकडी लावून?"

"तबकडी मोठी केली तर निरोप स्पष्ट ऐकू येईल, लवकर नाही येणार. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं काही निसर्गात आपल्याला सापडलेलं नाही. पण विलंब घालवता येत नसला, तरी त्याच्यासकट काम करता येतं. चल, पुन्हा ताट घे. या वेळी ऐकायचं नाही. घड्याळाकडे बघायचं आणि दर पाचव्या सेकंदाला ठोका द्यायचा."

दोन्ही घड्याळं शेजारी धरून जुळवली आणि आत्या पुन्हा पलीकडे गेली. बाबांनी रेवतीच्या गळ्यात दुर्बीण अडकवली आणि स्वतः घड्याळ बघून आकडे मोजू लागले. शून्य. पाच. दहा. आत्यानं मनगटाला लाल फडकं बांधलं होतं. रेवतीनं दुर्बिणीतून बघितलं तर तिचा हात आणि आत्याचा हात अगदी एकाच क्षणी खाली येत होते. आवाज मागाहून, आपल्या सवडीनं येत होता. येऊ दे. ठोके जुळले होते!

परतताना गाडीत रेवतीला नवी शंका आली. "इथं आपली घड्याळं आधी शेजारी धरून लावता आली. आईचं कसं लावणार? ती 'आता बारा वाजले' म्हणाली, तरी ते मला ऐकू येईपर्यंत बारा वाजून गेलेले असणार."

"किती वाजून गेलेले?"

"ते विलंब नक्की किती आहे त्यावर. चंद्र जवळ-लांब होत असतो."

"मग तो मोजायचा. आपण एक 'टिंग' पाठवायचं. तिच्या यंत्रानं ते क्षणात परत पाठवायचं. जाऊन-येऊन लागलेला वेळ आपल्या एकाच घड्याळावर मोजता येतो. त्याचा अर्धा केला की?"

"एका बाजूचा विलंब! मग आईचं 'बारा वाजले' मला ऐकू येईल तेव्हा माझ्या घड्याळात बारा वाजून एक पूर्णांक तीन सेकंद झाले असले, तर दोन्ही जुळलेली आहेत."

"याला कालमेळ म्हणतात (लांब लांबची घड्याळं एकमेकांशी जुळवणं). आमच्या केंद्रात रोजचं काम आहे हे."

घरी येताच रेवतीनं वही काढली. चौथ्या टप्प्यातला पहारेकरी चोवीस सेकंदांत एक फेरी मारायचा. रोज तीच फेरी, तीच वळणं. मोठ्या, महागड्या खेळांत पहारेकरी दर वेळी वेगळं वागतात. इथं बिचाऱ्याला दुसरं काही येतच नव्हतं. फेरीच्या साडेचौदाव्या सेकंदाला तो पाठ करायचा आणि साडेसतराव्याला वळायचा. हा खेळ एवढासा होता म्हणूनच न बघताही तो कुठं असेल हे सांगता येत होतं. रेवतीनं सगळं लिहून आईला पाठवलं. शेवटी एक ओळ जोडली: "त्या दिवशी मी बंद केल्यावर तू काय म्हणालीस?"

उत्तर आलं: "म्हणाले, वेडाबाई, आठवडाभर मी याच अर्ध्या तासाची वाट बघते."

रविवारी आधी 'टिंग' गेलं, परत आलं; घड्याळं जुळली. दोघींनी पहिले तीन टप्पे पार केले आणि चौथा आला.

"पंधराव्या सेकंदाला मी खटका ओढणार," रेवती म्हणाली. "तू पावणेचौदाव्या सेकंदाला पाऊल उचल. म्हणजे ते माझ्याकडे पंधराव्याला पोहोचेल." एवढं बोलून ती थांबली. मनात एक, दोन, तीन मोजले. आता त्या शांततेत तिला आईचा निरोप मजल दरमजल करत येताना दिसत होता.

"पण रेवू, पावणेचौदाला माझ्या स्क्रीनवर तो थेट माझ्याकडे बघत असणार!"

"असणारच. तू बघतेस ते जुनं आहे. त्याच्याकडे बघूच नकोस. घड्याळाकडे बघ."

तीन सेकंद गेले. "बरं," आई म्हणाली. "तुझ्यावर सोडलं."

फेरी सुरू झाली. दहा. अकरा. बारा. रेवतीनं खटक्याच्या बटणावर बोट ठेवलं. तेरा. चौदा. साडेचौदाला पहारेकऱ्यानं पाठ केली. आई अजून जागेवरच होती. निघाली असेल का? घाबरली असेल का? विचारायला वेळ नव्हता आणि विचारून उपयोगही नव्हता. पंधरा! रेवतीनं खटका ओढला, जाळी वर गेली, आणि त्याच क्षणी आई सावलीतून निघाली आणि सर्रकन दारापलीकडे गेली. पहारेकरी वळला. रिकाम्या खोलीकडे बघून पुढे चालू लागला.

घंटा वाजली नाही.

रेवती खुर्चीवर उभी राहून ओरडली. आई तिकडे अजून श्वास रोखून बसली होती. मग तिच्यापर्यंतही ते पोहोचलं, आणि तीही ओरडली. बाबा स्वयंपाकघरातून धावत आले.

"तुमच्या लेकीनं मला पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत चालायला लावलं!" आई त्यांना हसत सांगत होती. "इथं चंद्रावरच्या खोल खड्ड्यांतली यंत्रं आम्ही पृथ्वीवरच्या माणसांकडून अशीच घड्याळावर चालवून घेतो, पण तेव्हा इतकी धडधड होत नाही."

त्या संध्याकाळी रेवतीनं कोऱ्या कागदावर एक बंगला काढायला घेतला. खेळ बनवणाऱ्या त्या भावंडांना ती पाचवा टप्पा सुचवणार होती. त्यातला एक चोर पृथ्वीवर असेल आणि दुसरा मंगळावर.

"आत्या, मंगळापर्यंतचा विलंब किती?" तिनं फोनवर विचारलं.

"जवळ असतो तेव्हा तीनेक मिनिटं. लांब गेला की बावीस."

"जाऊन-येऊन चव्वेचाळीस!" रेवतीनं हिशेब केला. "मग पहारेकऱ्याची एक फेरी तासाभराची ठेवायला हवी. पण मधल्या वेळात चोरांनी करायचं काय?"

"तिथं जी माणसं राहायला जातील, त्यांनाही हाच प्रश्न पडणार आहे," आत्या म्हणाली. "तू शोध उत्तर. कुणीतरी आधी शोधून ठेवायला हवं."

रेवतीनं पेन्सिल चावत थोडा विचार केला. मग सावलीत बसलेल्या चोराच्या हातात तिनं एक वही काढली, आणि त्या वहीत, अगदी बारीक अक्षरांत, पुढच्या तासाचा बेत लिहायला सुरुवात केली.