न गळणारा टँकर

"आज मांडव्याला जायचं म्हणजे जायचंच!" मैथिलीने झोपाळ्यावर उभं राहून जाहीर केलं. "धक्क्यावर बसून मुंबईची कॅटामरान बोट बघायची, वडापाव खायचा आणि शेवटच्या एस्टीने परत! उद्या-उद्या करत सुट्टी संपायची!"

"राहीला पुन्हा ताप आलाय," यशोधन हळूच म्हणाला.

झोपाळा थांबला.

राही मैथिलीची पाच वर्षांची बहीण. तात्यांच्या नारळीच्या वाडीत विहिरीचं पाणी ज्या पाटातून झाडांना जाई, त्या पाटात पाय सोडून ती दिवसभर पानांच्या होड्या सोडायची. आधी तिच्या पायांवर फोड आले, मग ताप, मग खोकला. तो कोरडा खोकला ऐकला की यशोधनला स्वतःच्याच छातीत काहीतरी ओरखडल्यासारखं वाटे.

"उष्णता आहे ही," तात्या म्हणत. मैथिली आणि राही या यशोधनच्या मामेबहिणी; तिघांचे हे आजोबा राहीच्या उशाशी बसून तिला स्वतःच्या हाताने पाणी पाजत. "नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतो. आपल्या विहिरीचं गोडं पाणी, दोन उकळ्या काढलेलं! त्याच्यासारखं औषध नाही."

मांडवा राहिला. जेवणं झाली आणि घर वामकुक्षीला लवंडलं. शेजारचा विनेश वाडीच्या दगडी गडग्यावर बसून झाडावरून तोडलेला जाम खात होता. समोरून एक टँकर धूळ उडवत खाडीच्या बाजूला गेला.

"आयला! ह्यो टँकर गळत कसा न्हाय?" विनेशचा जाम हातातच राहिला.

"नवा असेल," मैथिली म्हणाली.

"नवा? पत्रा बघ त्याचा, माझ्या आज्यापेक्षा म्हातारा हाय! पाण्याचा टँकर नि गळत न्हाय, असं कदी झालंय व्हय? आमच्या आळीत टँकर आला की त्याच्या मागं सांडलेल्या पाण्यावर कावळं नि कुत्री धावतात. ह्याच्या मागं एक तरी कावळा दिसतोय का?"

"आणि तिकडे तर कुणाचं घरच नाही," यशोधन म्हणाला. "मग पाणी कुणासाठी?"

तिघेही धावले. वाडीच्या टोकाला, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या अलीकडे टँकर उभा होता. जाडजूड पाइपातून तपकिरी पाणी एका खड्ड्यात कोसळत होतं. डोळे चुरचुरले, घसा जळला. खड्ड्याच्या काठावर गांडुळं मरून पांढरी पडली होती. तिथून विहीर हाकेच्या अंतरावर होती.

मुलांनी तात्यांना उठवलं, तर ते चक्क हसले!

"अरे, तो टँकर मीच येऊ दिलाय! दोन वर्षांपूर्वी उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं. माझ्या लहानपणी असं कधी झालं नव्हतं; हल्ली समुद्राला आपली हद्दच कळेनाशी झालीय. खाऱ्या पाण्याने माडांच्या झावळ्या पिवळ्या पडल्या. मग एक शेठ भेटला. म्हणाला, हे मळीचं पाणी, झाडांचं टॉनिक! फुकट देतो. माणूस प्यायला तरी बाधायचं नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?" मैथिली उसळली.

"माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा गं?"

यशोधनच्या ओठांवर राहीचं नाव आलं होतं. पण ज्या हातांनी तिला पाणी पाजलं, त्या हातांकडे पाहून ते त्याने गिळलं. तो इतकंच म्हणाला, "मग त्या ड्रायव्हरकडून ऐकलंत, तर पटेल तुम्हाला?"

"पटेल की! उद्या दुपारीही येणार आहे तो."

त्या रात्री यशोधनने राहीच्या तांब्यात गुपचूप नळाचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या आणि यशोधन केवड्याच्या बेटामागे उभे राहिले. मैथिली हातात ग्लास घेऊन थेट ड्रायव्हरपुढे गेली.

"काका, नळाला पाणी नाही आलं आज. घशाला कोरड पडलीय. तुमच्या टँकरमधलं घेऊ घोटभर?"

उत्तराची वाट न पाहता तिने ठिबकणाऱ्या पाइपाखाली ग्लास धरला आणि तोंडाकडे नेला.

"ए पोरी!" ड्रायव्हरने झेप घेऊन ग्लास उडवला. "फेक ते! मरशील!"

"पण हे माणूस प्यायला तरी बाधत नाही ना?"

"कोण बोलला? केमिकल हाय ते, कंपनीचा टाकाऊ माल! हात धू पयला, साबण लावून! हे बघ माझे हात!" त्याच्या तळव्यांची सालटं निघाली होती.

केवड्याची पानं सळसळली. तात्या पुढे आले. ते ओरडतील, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा आला.

"उकळलं... उकळलं तर जातं का रे ते?"

"उकळून कसं जाईल, बाबा?"

तात्या बांधावर मटकन बसले. यशोधन त्यांच्याजवळ बसला.

ड्रायव्हर टँकरकडे पळाला. पण चावी जागेवर नव्हती!

"ही शोधताय व्हय?" विनेश गडग्यावरून चावी नाचवत ओरडला. "तुमी पोरीकडं धावलात तवाच काढली!"

त्याच दुपारी राहीला अलिबागच्या दवाखान्यात हलवलं. पोलीस आले, प्रदूषणाचे अधिकारी आले, मातीचे आणि पाण्याचे नमुने गेले, ड्रायव्हरच्या जबानीवरून शेठही सापडला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलीत, पोर वाचली. छाती पूर्ण बरी व्हायला मात्र बराच काळ लागेल. आणि त्या वाडीत तिला आता नेऊ नका. ती माती निवळायला वर्षं जातील."

चार दिवसांनी तात्यांच्या अंगणात सारा गाव जमला. सरपंचांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "पोरांनो, गावाच्या विहिरी वाचवल्यात तुम्ही!" अधिकाऱ्यांनी यशोधनचा हात हातात घेतला. टाळ्या वाजल्या. तात्याही टाळ्या वाजवत होते. "शाबास रे बाळांनो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "शाबास."

इतक्यात त्यांचा फोन वाजला.

"तात्या," राहीचा घोगरा आवाज आला, "मी शहाण्यासारखी औषध घेते. बरी झाले की लगेच वाडीत येऊ ना?"

तात्यांनी फोन यशोधनच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवलं.

"राही, आम्हीच येतो तुझ्याकडे," यशोधन म्हणाला. "उद्या सकाळीच."

"आणि पुढच्या सुट्टीत?"

अंगणात अजून टाळ्या वाजत होत्या. त्याने दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"पुढच्या सुट्टीतही," तो म्हणाला, "आम्हीच येऊ."