पंधरावी गाठ

त्या सकाळी थोरल्याला एकच काम होतं. बाबांच्या उशाशी बसायचं आणि धाकट्या बहिणीचं विमान कुठवर आलं ते फोनवर बघत राहायचं.

बाबा जन्मभर विमानांचे मार्ग आखत आले. "नकाशावरची सरळ रेघ लबाड असते रे," म्हणायचे आणि पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवायचे. धाकटीच्या शहरापासून इथवर बारा हजार सहाशे किलोमीटर, म्हणजे चौदा तास. ती यायची ठरली की तासाला एक अशा चौदा गाठी मारायचे, वर पंधरावी. "घर काय विमानतळावर असतं? दारापर्यंतचा तास पायलट मोजणार आहे का?" ती निघाली की दर तासाला एक गाठ सोडायचे. घरातले हसायचे.

यंदाचा दोराही त्यांनी आठवड्यापूर्वीच बांधून ठेवला होता. मग झटका आला. हातपाय लुळे पडले, वाचा गेली. डॉक्टरांनी थोरल्याला बाजूला घेतलं. "दुपार काढली तर नशीब म्हणा." धाकटी तर आत्ता कुठे विमानात बसली होती. थोरल्याला पुढचं काही सुचेना, तेव्हा त्याच्या बायकोनं तो दोरा बाबांच्या बोटांत गुंडाळला.

तासाभरानं एक गाठ सुटलेली दिसली. सैल असेल, म्हणून थोरल्यानं लक्ष दिलं नाही. मग दुसरी. तिसरी. बोटं हलताना कुणी पाहिली नाहीत. पापणी लवायची, तेवढ्यात गाठ नसायची. दुपार टळली. डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली, श्वास आपला चालूच. खोलीत शाईचा आणि जुन्या नकाशांचा वास दाटला होता, आणि नकाशे तर केव्हाच रद्दीत गेले होते. थोरल्याला भीती वाटत नव्हती. मोठ्या डोंगराखाली उभं राहिलं की माणूस गप्प होतो ना, तसा तो गप्प झाला होता.

अकरा सुटल्या, चार उरल्या. तो पाणी प्यायला उठला. परत येऊन बघतो तर सहा.

"तू हात लावलास?"

"मी कशाला लावू...?" बायको म्हणाली.

तेवढ्यात फोनवर निरोप आला. वादळामुळे विमान वळवलं होतं. दोन तास उशीर.

थोरल्यानं गाठी पुन्हा मोजल्या. "बाबा... तुम्हाला कसं कळलं हो?" मग कानाशी वाकून म्हणाला, "सहाच राहिल्या. दम धरा... येतेय ती."

त्यांनी धरला. एकच गाठ उरली तेव्हा विमान उतरलं. तो तास काही सरता सरेना. शेवटी दार वाजलं. "बाबा, आले मी!" म्हणत धाकटी चपलांसकट आत धावली आणि तिनं त्यांचा हात धरला. तिच्या ओंजळीत पंधरावी गाठ सुटली. बाबांनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि श्वास सोडला. ती हंबरडा फोडून रडली.

स्मशानातलं सगळं उरकून बहीणभाऊ घरी परतले, तर बाबांच्या टेबलावर दोऱ्याचं नवं कोरं रीळ रिकामं पडलेलं. दोऱ्याचं एक टोक पृथ्वीगोलावर, त्यांच्याच शहरावर टेकलेलं. दुसरं गोलावर कुठेच नव्हतं. दोरा गोल सोडून, उघड्या खिडकीतून, ताठ वर गेला होता. धाकटी गाठी मोजत खिडकीपाशी पोचली.

"दादा... संपतच नाहीत रे..."

थोरला गोलाजवळच उभा होता. पहिली गाठ त्याच्या डोळ्यांसमोर सुटली.