तळ्याची पहिली आंघोळ

सगळ्या पाणपिसवा तळाशी का जाऊन बसल्या होत्या?

शाल्मलीने काचेला नाक लावलं. चंद्रावरच्या वस्तीतलं हे तळं म्हणजे खरं तर खोलीएवढी काचेची टाकी. वस्तीत वापरलेलं पाणी शेवटी इथे येई, आणि पाणपिसवा (टाचणीच्या माथ्याएवढे, उड्या मारत पोहणारे जीव) त्यातले जंतू आणि शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ करत. काल त्या अशा नाचत होत्या, की पाणी उकळतंय असं वाटावं. आज एखाद-दुसरीच हलत होती.

"आई! ए आई, लवकर ये!"

तळ्याची सगळी जबाबदारी आईवर होती. शाल्मली नुसती शिंकली तरी खोलीतली हवा तपासायला घेणारी ही बाई. आता ती एकेक हलणारी पाणपिसू मोजू लागली, आणि शाल्मली घाबरली.

कारण पुढच्या यानाने बाबा येणार होते. त्यांची संत्र्याची बाग पृथ्वीवर, वरुडला, आणि वस्तीत माणसं मोजकीच. आणखी एक माणूस यायचा तर त्याचं पाणीही तळ्याला स्वच्छ करता आलं पाहिजे, असा नियम होता. तपासणी तोंडावर आली होती. तळं नापास झालं की बाबांचं येणं रद्द.

चिमटू नावाच्या यंत्रमानवाने आपली लांब नळी पाण्यात बुडवली. "पाण्यात लिमोनीन आहे," तो म्हणाला. "संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक. मला नाक असतं, तर म्हटलं असतं, छान वास येतोय."

"येतोय ना?" शाल्मलीचा चेहरा उजळला. "मीच घातलं! बाबांनी पाठवलेलं तेल. आज नरकचतुर्दशी. आपल्याकडे गोठ्यातल्या गाईलासुद्धा आंघोळ घालतात, मग तळ्याने काय पाप केलंय? शिवाय इथली दमट हवा सगळ्या वस्तीत जाते. म्हटलं, सगळीकडे घरचा वास येईल."

"किती घातलंस?" आईने हळूच विचारलं.

"सगळं. बाटली छोटीशीच होती."

आईने आधी तळ्यातून बाहेर जाणारं पाणी बंद केलं.

"पण ते झाडाचंच आहे ना? विष थोडंच आहे?"

"संत्रं सोलताना डोळ्यात उडालं, की काय होतं?" चिमटूने विचारलं.

"चुरचुरतं."

"तेच तेल किड्यांना सालीपासून लांब ठेवतं. आणि पाणपिसवा या किड्यांच्या लांबच्या नातेवाईक!"

"मग आपल्याला कसं काही होत नाही?"

आता आई बोलली. "आपण गर खातो गं. चुकून तेल पोटात गेलंच, तर आपलं यकृत थोडंसं तेल मोडून टाकतं. पाणपिसू मात्र दिवसरात्र त्यातच बुडालेली. आणि तेलाचं पाण्याशी जमत नाही, ते तेलकट जागा शोधतं. पाण्यात तेलकट काय असतं? या जिवांचं पेशीपटल (प्रत्येक पेशीभोवतीचं अगदी पातळ आवरण). तेल त्यात शिरतं, आवरण सैल पडतं, पेशीचं काम बिघडतं. एवढ्याशा जिवाला बादलीभर पाण्यात एक थेंबसुद्धा फार होतो."

शाल्मलीचे डोळे भरून आले. "म्हणजे बाबा येणार नाहीत?"

"रडणं नंतर," चिमटू म्हणाला, "आधी सांग, तुला वास कसा आला? तेल तर पाण्यात आहे."

शाल्मलीने नाक पुसलं. विचार केला. "ते पाण्यातून हवेत येतंय. थोडं थोडं." मग एकदम ती उभी राहिली. "मग सगळंच हवेत आणलं तर? पाण्यात खूप बुडबुडे सोडून?"

आईने हवेच्या पंपाकडे पाहिलं. "येईल. अशा तेलाला बाष्पनशील पदार्थ (सहज वाफ होऊन उडून जाणारा) म्हणतात. ती हवा मग सक्रिय कोळशातून (असंख्य बारीक छिद्रांच्या कोळशातून) न्यायची. तो तेल धरून ठेवेल."

"आणि वास?"

"तोही कोळशातच राहील, बाळा. इथे काही उरणार नाही."

शाल्मली हवेच्या पंपाजवळ गेली. मग तिने स्वतःच खटका दाबला.

तळं फसफसलं. आणि खोलीत एकदम वरुड आलं! सालींचा ढीग, तोडणीचा मोसम, पाटीवर वाकलेले बाबा. शाल्मलीने डोळे मिटून श्वास घेतला.

"दोनच मिनिटं हं, मग दार लावून ही हवा कोळशातून सोडायची," आई म्हणाली. पण ती स्वतःही डोळे मिटून उभी होती.

वास विरत गेला. अगदी नाहीसा झाल्यावर आईने राखीव बरणीतल्या मोजक्या पाणपिसवा तळ्याच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात सोडून पाहिल्या. त्या रात्रभर पोहत राहिल्या. तेव्हा कुठे बरणीतल्या बाकीच्या पाणपिसवा तळ्यात गेल्या. तपासणीला मुदतवाढ मिळाली, त्या मुदतीत त्यांची पिल्लावळ दिसू लागली, आणि तळं कसंबसं पास झालं.

शाल्मलीने बाबांना फोनवर सगळं सांगितलं. चंद्रावरून बोलताना उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात.

"काय वं पोरी," बाबांचा आवाज आला, "माह्याच तेलानं माह्यी वाट अडवली काय? आता काय आणू तुह्यासाठी?"

"काहीच नको. तुम्ही या फक्त."

"आणि आल्या आल्या आंघोळ," चिमटू मध्येच बोलला. "साबण लावून, दोनदा. संत्री तोडलेले हात आहेत. ते आंघोळीचं पाणी तळ्यात न सोडता वेगळं काढून ठेवू."

"आधी मी भेटणार," शाल्मली म्हणाली. "मग काय घालायच्या त्या आंघोळी घाला."

बाबांचं हसू पृथ्वीवरून निघालं होतं, पोचायला थोडा वेळ लागणार होता.