थोरलीची हरकत

ज्याला खोटं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. इंग्रजांच्या मलायातल्या पिनांगमध्ये, आमच्या तांदळाच्या दुकानावरच्या माडीत हे घडलं. मी तिथेच होते.

साल १९३४. माझे यजमान याप सून ताक चीनमध्ये जन्मलेले. त्या वर्षी कुणी सरकारकडे चुगली केली की अशा माणसाला सरळ बोटीत बसवून परत पाठवत. ब्रिटिश प्रजा झालं की ती भीती नाही. म्हणून यांनी अर्ज केला. कुणाची हरकत असेल तर कळवा, असं वर्तमानपत्रात छापूनही आलं.

हरकत आली नाही.

म्हणजे, जिवंत माणसाची तरी नाही.

मी यांची दुसरी बायको. थोरली तिकडे गावी वारली. आमच्यात धाकटीनं रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या थोरलीच्या नावाच्या पाटीपुढे पहिला चहा ठेवायचा, "ताई, घ्या" म्हणायचं, मग आपण प्यायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मेली तरी सवत ती सवतच!

अर्ज मंजूर झाला, आता कचेरीत जाऊन राजनिष्ठेची शपथ तेवढी घ्यायची होती. त्या सकाळी मी चहा ठेवला. वळून पाहते तर...

पेला कोरडा.

तेवढ्यात जिन्यावर खडावा वाजल्या. टक... टक...

आमच्या घरात खडावा कुणीच घालत नव्हतं.

"अहो, ऐकलंत?"

"उंदीर असेल गं."

"उंदीर खडावा घालतो होय?"

हे हसले नाहीत. टाय बांधता बांधता हळूच म्हणाले, "मरताना तिला वचन दिलं होतं मी. माझी हाडं तुझ्याच शेजारी येतील म्हणून."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आणि मी? मी काय रस्त्यावर पडलेय?"

कचेरीत हे साहेबासमोर उभे राहिले. शपथेसाठी तोंड उघडलं...

आवाजच नाही.

पुन्हा उघडलं. या खेपेला आवाज आला. बाईचा. यांच्या गावच्या बोलीतला.

"चला घरी."

दुभाष्या पांढराफटक पडला. साहेब चिडून उठला. शपथ राहिली ती राहिलीच. पुढे कुणीतरी चुगली केली आणि पोलिसांनी यांना बोटीवर चढवलं.

मी धक्क्यावर ऊर बडवून रडत होते. हे कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. बोट सुटली. आणि हे जरासे बाजूला सरकले...

शेजारी कुणीच नव्हतं. तरी यांनी जागा करून दिली. मग त्या रिकाम्या जागेकडे बघून हसले.

ते काय होतं, मला आजही ठाऊक नाही. पण माझ्याकडे बघून हे असे कधीच हसले नव्हते.